टाळी पुढे दे

बालवाडीची मावशी म्हणजे पोरांची नाकं पुसणारी बाई, एवढंच लोकांना ठाऊक असतं. त्यात खोटं काही नाही. नाकं पुष्कळ पुसली. पण सकाळी हॉल झाडणं, सतरंजी अंथरणं, पाण्याचं पिंप भरणं, घराघरांतून पोरं गोळा करून आणणं, रडणाऱ्याला कडेवर घेणं, ओली चड्डी बदलणं, खाऊ वाटणं आणि सुटताना प्रत्येक पोर ज्याच्या त्याच्याच हातात देणं, हेही माझंच काम. शिकवायचं काम टीचरचं. मी चौथी पास आहे. दिवाळी अंकवाल्यांनी सांगितलं, जमेल तसं लिहा. तर जमेल तसं लिहिलं आहे. सुनेने शुद्धलेखन तपासलं. मजकुरात तिला हात घालू दिला नाही.

आमची बालवाडी मुलुंड पूर्वेला, मिठागराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत, वस्तीतल्या समाजमंदिराच्या हॉलमध्ये भरते. वर पत्रा, बाजूला गॅरेज, समोर पाण्याचा नळ. आवाजाला तोटा नाही. चालवतं महिला मंडळ. मी नोकरी सोडली त्याच्या आधीच्या वर्षाची ही गोष्ट आहे. तेव्हाची टीचर ज्योती. विहाराच्या मागच्या गल्लीत राहणारी, माझ्या मुलीपेक्षा लहान. पोरांसमोर मी तिला टीचर म्हणायची, बाहेर ज्योती. ती मला मावशीच म्हणायची, पण दिवसातून एकदा तरी सांगायची, “मावशी, हळू बोला हो, पोरं दचकतात.” मी म्हणायची, “गॅरेज हळू बोलतं का?”

ज्योतीने हजेरीची एक पद्धत बसवली होती. सतरंजीच्या कडेने पोरं घोड्याच्या नालासारखी बसायची, प्रत्येकाची जागा ठरलेली, हजेरीपटातल्या क्रमानेच. टीचर मान खाली घालून नाव घ्यायची. ज्याचं नाव त्याने “हजर टीचर” म्हणायचं आणि शेजारच्याच्या हातावर टाळी द्यायची. मग पुढचं नाव. टाळी फिरत फिरत शेवटपर्यंत जायची. कुणी पेंगत असला तरी टाळी बसली की जागा व्हायचा. विसरला तर सगळी ओरडायची, “टाळी पुढे दे!” मंडळाच्या बायका पाहुण्यांना मुद्दाम हजेरीच्या वेळेला घेऊन यायच्या. ज्योतीला त्याचा फार अभिमान होता. मलाही होता, कारण सतरंजीवरच्या जागा मी खडूने आखून दिल्या होत्या.

मग एक दिवस आसपासच्या बालवाड्यांच्या टीचरांसाठी मंडळाने एक व्याख्यान ठेवलं. मुलांचे कान तपासणारी एक तरुण बाई बोलायला आली होती. मी चहा द्यायला मागे उभी होते. तिने सांगितलं, लहान मुलाला कमी ऐकू येतं हे आईबापाच्या आधी बालवाडीत कळू शकतं, कारण तिथे ते दहाजणांत बसतं. हाक मारल्यावर बघत नाही, उशिरा बोलतं, सारखं तोंडाकडे बघतं, फार मोठ्याने बोलतं, सांगितलं एक आणि करतं दुसरं, कान फुटून वाहतो, असं काही दिसलं तर तपासायला पाठवा. बोलणं शिकायची वर्षं हीच असतात, ती गेली की मागे आणता येत नाहीत, हेही म्हणाली. टीचरांनी लिहून घेतलं. मी कप गोळा केले.

दुसऱ्या दिवसापासून आमचं डोकं फिरलं. वर्गातलं एकही पोर धड ऐकतंय असं वाटेना. तुम्हीच बघा. चार वर्षांचं पोर खेळत असताना हाक मारल्यावर कधी बघतं? सांगितलेलं कधी करतं? बोबडं कोण बोलत नाही? ज्योती एकेकाकडे रोखून बघायची आणि पोरं घाबरून आणखीच गप्प व्हायची.

“मावशी, ओम बघा. दोनदा हाक मारली.”

“तो नाकात बोट घालण्यात गुंतलाय.”

“आणि ती परी?”

“ती माझंसुद्धा ऐकत नाही. आईचंही नाही. ती उद्या नवऱ्याचंही ऐकणार नाही. तिला काय झालंय?”

शेवटी दोघींचं एका पोरावर एकमत झालं. आरुष. तो कुणाशीच बोलायचा नाही. हजेरीला ‘हजर’ म्हणायचा नाही, नुसती टाळी पुढे द्यायचा. हाक मारली की भिंतीकडे बघायचा. त्याची आई बिल्डिंगमध्ये कामं करायची, उत्तरेकडची, मराठी तिला कळायचं पण यायचं नाही. ज्योतीने तिला समजावून सांगितलं. तिने कामावर खाडा केला, पोराला सरकारी इस्पितळात नेलं, रांगेत उभी राहिली. परत आली ती तशीच हॉलमध्ये, चप्पल न काढता.

“मॅडम, सुनता सब है. डॉक्टर ने बोला, कान एकदम बढिया. बस आप लोगों से बात करने का उसका मन नहीं है.”

ज्योती लाल झाली. मी आरुषकडे बघितलं. तो भिंतीकडे बघत होता.

गोष्ट मंडळाच्या अध्यक्षबाईंपर्यंत गेली. समोर नव्यानेच एक इंग्रजी नर्सरी उघडली होती, रंगीत घसरगुंडीवाली. आमची पोरं तिकडे चालली होती. अध्यक्षबाई ज्योतीला म्हणाल्या, “शाळा आहे ही, दवाखाना नाही. इथे पोरांना बहिरी म्हणतात असं वस्तीत झालं तर जूनमध्ये सतरंजी कुणासाठी घालणार? परत कुणाच्या कानाचं नाव काढायचं नाही.” ज्योतीची नेमणूक वर्षावर्षाची. ती हो म्हणाली. मीही मान हलवली. मला विचारलं कुणी नव्हतं, तरी हलवली.

नंतर वस्तीत डोळे आले. आधी गॅरेजवाल्या पोरांचे, मग घराघरांत. ज्योती काळा गॉगल लावून शाळेत आली तर पोरं तिला ओळखेनात. अध्यक्षबाईंनी निरोप पाठवला, पोरांना एकमेकांच्या हाताला हात लावू देऊ नका. म्हणजे टाळी बंद. ज्योतीने सांगितलं, आता नुसतं नाव ऐकायचं आणि हजर म्हणायचं. पोरांनी थोडी कुरकुर केली आणि करायला लागली.

आरुष काही बोलला नाही, तो कधी बोलतच नव्हता. त्याच्या पुढचं नाव तन्वीचं.

तन्वी ही आमच्या वर्गाची दादा. आवाज एवढा मोठा की गाणं म्हणायला लागली की नळावरच्या बायका वळून बघायच्या. हातवारे सगळ्यांच्या आधी. कुणाची बाटली कुठली, कुणाचा डबा कुठला, कोण रडतंय, सगळं तिला ठाऊक. बोलणं बोबडं. साखरेला ‘आखर’ आणि शाळेला ‘आळा’ म्हणायची. आम्ही मुद्दाम बोलायला लावून हसायचो. घरीही तेच. आई दर्शना पश्चिमेला एका पार्लरमध्ये कामाला, बाप टेम्पो चालवायचा. एकुलती एक पोर.

ज्योतीने गॉगलमधून हजेरीपटात बघत नाव घेतलं, “तन्वी.” उत्तर नाही. “तन्वी!” उत्तर नाही. तन्वी बसली होती हात पुढे करून, तळवा वर. आरुषने तिचा फ्रॉक ओढला. तेव्हा ती वर्गभर गरजली, “हजर टीचर!” आणि शेजारच्या परीच्या हातावर फाडकन टाळी दिली.

“टाळी नाही गं द्यायची,” ज्योती म्हणाली.

तन्वीने हात परत पुढे केला.

मी म्हटलं, रुसलीय. टाळी बंद केली म्हणून नाटक चाललंय. दादा माणसाला नियम बदललेला आवडत नाही. ज्योतीला पटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पहिल्याच हाकेला तन्वीने उत्तर दिलं. बघ, मी म्हटलं, रुसवा गेला. पुढच्या दिवशी परत गप्प.

ज्योती पिंपापाशी येऊन हळूच म्हणाली, “मावशी, मला काहीतरी वेगळंच वाटतंय.”

“काय?”

“म्हटलं, मला काहीतरी वेगळं वाटतंय.”

“नाव काढू नकोस. अध्यक्षबाई काय म्हणाल्या?”

पण तिच्या डोक्यात शिरलं ते शिरलं. आम्ही दोघींनी आपल्या पद्धतीने तपासायचं ठरवलं. त्या वेळी आम्हाला ते फार हुशारीचं वाटलं होतं. खाऊचा डबा घेतला, पत्र्याचा, त्यात चणे. तो वाजला की मेलेलं पोरसुद्धा उठून बसेल. मी तन्वीच्या मागे उभी राहून डबा वाजवला. सगळी पोरं वळली, तन्वीही वळली. ऐकू येतं, मी म्हटलं. ज्योती म्हणाली, नाही, सगळी वळली म्हणून ती वळली. मग बाकीची अंगणात असताना तन्वी एकटी चित्र रंगवत होती तेव्हा मी मागे जाऊन पातेल्यावरचं झाकण जमिनीवर आपटलं. तन्वी दचकून वळली.

“आता?” मी म्हटलं.

“मावशी, त्या आवाजाने गॅरेजवालासुद्धा बाहेर येऊन बघतोय.”

मग ज्योती स्वतः मागे उभी राहिली आणि साध्या आवाजात म्हणाली, “तन्वी, चॉकलेट हवं?” तन्वी हत्तीला हिरवा रंग देत बसली.

“नको असेल,” मी म्हटलं.

“चार वर्षांच्या पोरीला चॉकलेट नको असेल?”

ते काही मला खोडता येईना. ज्योतीने मग हजेरीपट तोंडासमोर धरला आणि म्हणाली, “तन्वी, नाक कुठे?” तन्वी हजेरीपटाकडे बघून गोड हसली आणि म्हणाली, “हजर टीचर.” ज्योतीने पट खाली घेतला, तेच परत विचारलं, आणि पोरीने लगेच नाकावर बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पट समोर धरून विचारलं तर तिने बरोबर नाक दाखवलं. ज्योती डोकं धरून बसली. मी म्हणत होते ऐकू येतं तेव्हा ती म्हणत होती येत नाही. आता ती म्हणायला लागली, येत असेल हो मावशी, माझाच वेडेपणा, आणि मला वाटायला लागलं की नाही, काहीतरी आहे. आमच्या दोघींचं मत एका दिवशी कधी जुळलंच नाही. बहिरा माणूस बहिरा असतो आणि ऐकणारा ऐकणारा. सोमवारी बहिरा आणि मंगळवारी बरा, असा माणूस मी पाहिला नव्हता. आणि बोलणारं पोर बहिरं कसं असेल, हे तर माझ्या डोक्यातच बसत नव्हतं. बोलते ती, एवढी बडबडते, मग ऐकल्याशिवाय शिकली कशी?

व्याख्यानात हे सांगितलं असणार, पण त्यातलं आमच्या लक्षात एवढंच राहिलं होतं की गप्प पोर बघा. बडबडं पोर बघा असं कानावर पडलं असेल तर ते तिथेच सांडलं.

तरी ज्योतीने दर्शनाला सांगितलं. मला न विचारता, सुटताना, दारातच. मी एकेक पोर हातात देत होते आणि मागे आवाज चढला.

“काय म्हणालात टीचर? परत बोला.”

“तसं नाही ताई, फक्त एकदा तपासून...”

“परवा त्या आरुषला बहिरं केलंत. आता माझी? अहो, माझी पोर झोपेतसुद्धा बडबडते. बहिरं पोर बोलतं का?” आणि तिने वळून हाक मारली, “तन्वीऽ!” तन्वी नळापाशी उभी होती. वळली. धावत आली. “बघितलंत?” दर्शना म्हणाली. “मावशी, तुम्हीसुद्धा बघितलंत ना?”

मी बघितलं होतं. मी म्हटलं, “बघितलं.”

ज्योतीने मान खाली घातली. आजूबाजूच्या बायका बघत होत्या. एकजण तोंडाला पदर लावून हसली. दर्शना पोरीला घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवसापासून तन्वी आली नाही. समोरच्या नर्सरीत चौकशी करून आली असं कुणी सांगितलं. ज्योतीला वाटायला लागलं की आपली नेमणूक गेली. मला वाटत होतं पोर गेली. आमच्याकडून गेली ते सोडा. तिकडे घसरगुंडीपुढे तिच्या कानाकडे कोण बघणार होतं? आणि पुढे पहिलीत, मग मोठ्या वर्गात मागच्या बाकावर. आणि समजा ऐकू येतच असेल, तर आम्ही फुकट एका घराला आग लावली. यातलं खरं काय ते मला कळत नव्हतं. दोन्ही वाईट होतं.

आठवडा झाला असेल. मी सतरंजी झटकत होते आणि दर्शना दारात आली, पार्लरचा काळा टी-शर्ट घालून, पोरीला कडेवर घेऊन. एवढी मोठी पोर कडेवर. भांडायला आलीय असं समजून मी झाडू हातातच ठेवला.

“टीचर कुठंयत?”

ज्योती बाहेर आली. दर्शना तिच्याशी बोलली, पण बघत माझ्याकडे होती.

“काल संध्याकाळी आमच्या गल्लीची वायर जळाली. लाईट गेले. घरात मिट्ट काळोख. ही पलंगावर, मी ओट्यापाशी मेणबत्ती शोधत होते. ती घाबरू नये म्हणून मी बोलत होते. हळूच. इथेच आहे गं, आले हं, मेणबत्ती शोधते, असं. सारखं बोलत होते मावशी. आणि ही रडायला लागली, मम्मी बोल ना, मम्मी बोल ना.” दर्शनाने पोरीला कडेवर नीट सरकवून घेतलं. “मी बोलतच होते.”

 तन्वी आईच्या तोंडाकडे बघत होती.

“आता तुम्हीच चला,” दर्शना मला म्हणाली. “तुम्ही दोघींनी माझ्या डोक्यात घातलंत. एकटी मी जाणार नाही.”

ज्योतीला वर्ग सोडता येत नव्हता. मी गेले.

इस्पितळात कान तपासायची एक वेगळी खोली असते. दार जाड, भिंतींना स्पंज लावल्यासारखं. आत गेलं की स्वतःचा श्वास आपल्याला मोठा वाटतो. तपासणारी मुलगी तरुण होती. आधी डॉक्टरांनी कानात बघून मळ नाही, पडद्यामागे पाणी नाही असं सांगितलं होतं. या मुलीने तन्वीच्या कानावर हेडफोन चढवले आणि समोर लाकडी ठोकळे ठेवले. आवाज आला की एक ठोकळा बादलीत टाकायचा, हा खेळ. तन्वीला खेळ फार आवडला. धडाधड ठोकळे पडायला लागले. दर्शनाच्या जिवात जीव आला. मला कोपराने ढोसून म्हणाली, “बघा.”

तपासणाऱ्या मुलीने आपलं यंत्र एका बाजूला वळवलं आणि त्यावर कागद उभा केला, म्हणजे तिचा हात तन्वीला दिसेना. चेहरासुद्धा फिरवला. ठोकळे थांबले. तन्वी ठोकळा हातात धरून, मान वाकडी करून त्या मुलीचा चेहरा शोधायला लागली. मधूनच एखादा ठोकळा पडायचा. मग परत नाही. बराच वेळ चाललं होतं. दर्शना माझा हात धरून बसली होती. तिची नखं रंगवलेली होती आणि माझ्या मनगटात रुतली होती.

शेवटी त्या मुलीने समजावलं. तन्वीला आवाज येतात. जाड आवाज येतात, ढोल, दार, ट्रक. बारीक आवाज येत नाहीत. स, श असले बारीक आवाज तिच्यापर्यंत पोहोचतच नाहीत, म्हणून तिच्या बोलण्यातही ते नाहीत. माणूस बोललं की तिला काहीतरी ऐकू येतं, पण शब्द पूर्ण कळत नाही. उरलेला शब्द ती तोंडाकडे बघून, शेजाऱ्याकडे बघून, अंदाजाने भरते. “फार हुशार आहे ही,” ती म्हणाली, “म्हणून इतके दिवस कळलं नाही.”

“मग सोमवारी येतं आणि मंगळवारी येत नाही ते?” मी विचारलं.

“कधी अंदाज बरोबर येतो, कधी चुकतो. गॅरेज बंद असेल त्या दिवशी जास्त बरोबर येत असेल.”

दर्शनाने विचारलं, कशामुळे झालं? त्या मुलीने सांगितलं की पुष्कळदा कारण सापडतच नाही. जन्मापासून असेल, नंतर आलं असेल. दर्शनाला ते पचेना. ती परत परत विचारत होती, मी तापात तिला काही चुकीचं दिलं का, टीव्ही मोठा लावत होते म्हणून का. मुलगी नाही म्हणत होती. दर्शना परत विचारत होती. मलाही वाटत होतं, कारण नाही म्हणजे काय? भांडं फुटलं तर कुणाच्या तरी हातून पडलेलं असतं.

निघताना त्या मुलीने पाठमोरी होऊन कागद लिहिता लिहिता काहीतरी विचारलं. कुणी बोलेना तेव्हा तिने वळून माझ्याकडे बघितलं आणि हसली. “मावशी, तुमचेही कान बघून घ्यायचे का?”

“माझे काय बघतेस,” मी म्हटलं. “पोरीचं बघ.”

तन्वीला कानाला ऐकायचं मशीन लावायचं ठरलं, ते यायला वेळ लागला. आधी कानात पेस्ट भरून साचे घेतले, मग ती बनून आली, दोन, एकेका कानाला. तोवर आम्ही सगळे असे बोलत होतो की मशीन लागलं म्हणजे झालं. तसं काही झालं नाही. पहिल्या दिवशी तन्वी मशीन लावून परत आमच्या वर्गात आली आणि सगळ्यांनी एकदम गाणं सुरू केलं तशी दोन्ही कानांवर हात दाबून टेबलाखाली जाऊन बसली. पंख्याला घाबरली. सतरंजी झटकली तरी रडली. जिला ढोलाची भीती वाटत नव्हती ती कागद चुरगळला तरी दचकायची. एकदा मशीन काढून तिने खाऊच्या डब्यात चण्यांत लपवलं. नशीब मी मूठ भरताना बघितलं. दर्शना वैतागून म्हणाली, “आधीच बरं होतं.”

वर आणखी एक झालं. बाकीच्या पोरांनाही मशीन हवं झालं. ओमने भिजवलेला चणा कानात घातला. त्याला घेऊन मी धावले ती डॉक्टरकडेच. अध्यक्षबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, “ह्या वर्षी आपल्याला कानांनी धरलंय.” पण ज्योतीची नेमणूक त्यांनी काढली नाही. का काढली नाही, तेही मला कळलं नाही. दर्शना त्यांच्याकडे जाऊन काही बोलली असं ऐकलं, पण दर्शना सांगत नाही.

हळूहळू तन्वीचं सुरळीत झालं. बोलणं शिकवणारी एक बाई तिला दर आठवड्याला शिकवत होती. आवाज कमी झाला. आधी वर्गभर गरजायची, आता माणसासारखी बोलायला लागली. नळावरच्या बायकांनी विचारलं, पोर आजारी आहे का? साखरेचा ‘स’ अजून यायचा नाही, पण आम्ही हसायचं बंद केलं होतं. हसायचं बंद करायला कुणी सांगितलं नव्हतं.

डोळ्यांची साथ गेली तशी पोरं परत मागे लागली, टाळी पाहिजे. ज्योतीला टाळी परत सुरू करावी की नाही ते ठरवता येईना. तिची सगळ्यात लाडकी पद्धत, जिच्यामुळे दोन वर्षं पोर आमच्या समोर बसून आम्हाला दिसली नाही. मी म्हटलं, टाळीचा काय दोष? तीच म्हणाली, मावशी, मग दोष कुणाचा? शेवटी तिने मधला मार्ग काढला. टाळी ठेवली, पण नावं रोज उलटसुलट घ्यायची. म्हणजे टाळी कुणाला द्यायची तेही ऐकल्याशिवाय कळणार नाही. त्यात फार गोंधळ होतो. पोरं सतरंजीवरून एकमेकांना ओलांडत टाळ्या द्यायला धावतात. पाहुण्यांना दाखवण्यासारखं त्यात काही राहिलं नाही.

मला मात्र मागची पोरं आठवतात. एवढी वर्षं माझ्या हाताखालून पोरं गेली. कुणाला मठ्ठ म्हणायचे, कुणाला हट्टी, कुणाचं लक्ष नसतं म्हणायचे. त्यांतली कुणी तशी होती का? चेहरे आठवायला बसते आणि सगळेच तसे वाटायला लागतात. मग वाटतं, छे, कुणीच नव्हतं. मोठी झालेली काही रस्त्यात भेटतात, “मावशी, ओळखलंत का” म्हणतात. मी त्यांच्या कानाकडे बघते. त्यांना वाटत असेल म्हातारीला झालंय काय.

मी नोकरी सोडली त्या आठवड्यातली गोष्ट सांगते आणि थांबते. हजेरी चालली होती. मी मागे पिंपापाशी ग्लास विसळत होते. ज्योतीने तन्वीचं नाव घेतलेलं मला ऐकू आलं. उत्तर आलं नाही. ज्योती पुढे काही बोलेना, नुसती हजेरीपटात बघत होती. मला वाटलं, मशीन बंद पडलं, बॅटरी संपली, परत पहिल्यापासून सगळं. मी तिथूनच ओरडले, “तन्वे! नाव घेतलं ना तुझं! ऐकू येत नाही का गं?”

सगळा वर्ग माझ्याकडे वळला. ज्योतीने वर बघितलं. तन्वी उठली. सतरंजीवरून तुरुतुरु चालत पिंपापर्यंत आली, माझा ओला हात धरून तळवा वर केला आणि त्यावर टाळी दिली. मग बरोबर माझ्या तोंडासमोर तोंड आणून, ओठ मोठे मोठे उघडून, सावकाश म्हणाली,

“हजर म्हटलं मी, मावशी.”

ज्योतीने हजेरीपट तोंडासमोर धरला होता. ती हसत होती की काही सांगत होती, मला दिसलं नाही.

सून म्हणते, तुमच्या कानांसाठी इस्पितळात नाव घालते. मी म्हटलं, बघू. दर्शनाने बघू म्हणत दिवस काढले असते तर मी तिला नावं ठेवली असती, हे मला माहीत आहे. तरी अजून गेलेले नाही.